डोळ्यातल्या पाण्याइतकं मीठ

त्या वैशाखात मालू कुठे बसतच नव्हती.

पेणच्या गणपतीच्या कारखान्यात बसल्याशिवाय काम होत नाही. माती मळणारा उकिडवा बसतो, साच्यातून मूर्ती काढणारा मांडी घालून बसतो, आणि डोळ्यांची आखणी करणारा पाटावर एक गुडघा वर घेऊन, त्या गुडघ्यावर मनगट टेकवून बसतो. मनगट टेकलं नाही तर कुंचला थरथरतो, आणि कुंचला थरथरला तर देव चकणा होतो. मालू ही गिरजाबाईंच्या कारखान्यातली आखणीवाली. तिने काढलेले डोळे लांबून ओळखू यायचे. कुठेही उभं राहा, देव आपल्याकडेच बघतोय असं वाटायचं, आणि रागाने नव्हे. अशी ही मालू त्या वैशाखात मूर्ती उंच फळीवर ठेवून उभ्याने डोळे काढत होती. एक डोळा झाला की फेरी मारून यायची, भिंतीला टेकायची, पुन्हा सरळ व्हायची. पायाखाली निखारे असावेत तशी.

गिरजाबाईंच्या नजरेतून काही सुटत नसे. नवरा गेल्यापासून तो कारखाना त्यांच्या जिभेवर चालत होता. त्या म्हणाल्या, "देव बसलाय आणि तू उभी. आखणी करतेस की दर्शनाच्या रांगेत लागलीस?"

सगळे हसले. मालूही हसली आणि तिने कुंचला पुन्हा पाण्यात बुडवला. कारखान्यातल्या बायांनी आपसात ठरवून टाकलं की हिला मूळव्याध झाली आहे. एकीने घरचा सुरण आणून दिला, दुसरीने रोज ताक प्यायला बजावलं. मालूने सुरण शिजवून खाल्ला, ताकही प्यायली. मूळव्याध चारचौघांत सांगता येते. तिला जे झालं होतं ते सांगायला पेणमध्ये तिला एकही कान दिसत नव्हता.

मालूचा जन्म खारेपाटातला, जिथे जमीन कुठे संपते आणि खाडी कुठे सुरू होते ते भरती आल्याशिवाय कळत नाही तिथला. सुईणीने मुलगा झाल्याचं सांगितलं आणि घरच्यांनी जनू नाव ठेवलं. सुईणीने पाहिलं ते खोटं नव्हतं, पण तेवढंच तिला दिसलं. आत कोण आहे ते कळायला मालूला स्वतःलाच पुष्कळ वर्षं लागली, आणि कळल्यावर ते झाकून ठेवण्यात आणखी वर्षं गेली.

तिचा बाप उघाडी राखायचा. खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घालतात, आणि आतलं पावसाचं पाणी बाहेर जावं म्हणून त्या बांधात लाकडी झडपेची एक वाट ठेवतात. तिला उघाडी म्हणतात. बांध आपोआप उभा राहत नाही तशी उघाडी आपोआप उघडी राहत नाही. प्रत्येक भरती तिच्या तोंडाशी गाळ आणून टाकते. ओहोटी लागली की बाप फावडं घेऊन निघायचा. ताप असो, घरात पाहुणे असोत, सण असो. पोरं विचारायची, आज नाही गेलं तर काय होईल? बाप म्हणायचा, आज काही होणार नाही, उद्याही होणार नाही, आणि परवा झडप हलणार नाही. चिखलाला घाई नसते, म्हणून माणसाला असावी लागते.

बाप गेला. थोरला भाऊ शिवा घरचा कर्ता झाला. मालूने केस वाढवले तेव्हा त्याने अंगणात उभं राहून सांगितलं की असली थेरं करून या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. मालूने टाकलं नाही. ती पेणला आली, माती वाहायला लागली, मग रंग घोटायला, आणि एक दिवस आखणीवाला आजारी पडला म्हणून तिच्या हातात कुंचला आला. तो कुंचला परत गेला नाही. लुगडं नेसून ती पहिल्यांदा कारखान्यात आली त्या दिवशी सगळ्यांचे हात थांबले होते. गिरजाबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि एवढंच म्हटलं, की पदर रंगात बुडेल, खोचून घे.

आई सगुणा मिठागरात राबायची. ती शिवाच्या बाजूने बोलली नाही आणि मालूच्याही. मात्र बाजाराच्या दिवशी मीठ आणि सुकी मासळी घेऊन ती पेणला यायची, आणि पाटी रिकामी झाली की फडक्यात बांधलेलं मीठ मालूच्या हातात ठेवायची. खारेपाटात मुलाला रे म्हणतात, मुलीला गो म्हणतात. सगुणा इतकी वर्षं दोन्ही चुकवून बोलत आली होती. जेवण झालं का, काम हाय का, असं मोघम विचारायची आणि एस्टी पकडायची.

फाल्गुनात मालू मुंबईला जाऊन आली. कारखान्यात सांगितलं पोटाचं ऑपरेशन आहे. तेही पुरतं खोटं नव्हतं. तिथल्या एका खाजगी रुग्णालयात एका सर्जनने तिचं शरीर तिच्या मनासारखं केलं. बाईला जिथे वाट असते तिथे तिच्या स्वतःच्याच कातडीची वाट करून दिली. याच एका गोष्टीसाठी मालूने तारुण्याची सगळी वर्षं एका बाजूला सारून ठेवली होती. लग्न कोणाशी करायचं नव्हतं, कोणाला दाखवायचं नव्हतं. अंघोळीला बसल्यावर खाली बघताना नजर चुकवावी लागू नये, इतकंच.

घरी सोडताना सर्जनने नीट समजावलं. शरीराला ही वाट कळत नाही, ते तिला जखम समजतं आणि मिटवायला बघतं. म्हणून एक गुळगुळीत कांडी दिली, तिच्यावर खुणेच्या रेघा होत्या. ती रोज सकाळ-संध्याकाळ आत घालून पडून राहायचं, वरच्या रेघेपर्यंत. सोडलं तर वाट आवळत जाईल, आणि एकदा मिटली तर पुन्हा उघडणं फार कठीण. सर्जनला वाटलं हिला सगळं कळलं नसेल. मालूच्या डोळ्यासमोर तेव्हा ओहोटीला निघालेला बाप होता. तिला सर्वांच्या आधी कळलं होतं.

जाता जाता त्याने आणखी एक सांगितलं, की मिठाच्या कोमट पाण्यात बसत जा, जखम स्वच्छ राहील.

मीठ किती ते त्याने सांगितलं नाही आणि मालूने विचारलं नाही. मिठागरातल्या माणसाने मीठ किती घालू म्हणून विचारायचं? तिला उलट बरं वाटलं. एवढं मोठं रुग्णालय, एवढी यंत्रं, आणि शेवटी औषध निघालं आपल्याच घरचं.

मिठागरात खाडीचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात फिरवतात. उन्हात ते आटतं, जड होतं, तेलासारखं दिसू लागतं. त्याला पाणी पिकलं म्हणतात. मिठात राबणाऱ्यांच्या टाचा फुटतात, बोटं चिरतात. त्यावर तिथे एकच उपाय. चिरलेला पाय पिकल्या पाण्यात बुडवायचा आणि दात आवळायचे. चरचर थांबली की भेग मेली. चरचरलं नाही तर पाणी कच्चं. हे मालूला कोणी शिकवलं नव्हतं, चालायला लागल्यापासून तिने पाहिलं होतं.

तिने पेणच्या खोलीत पितळी परातीत पाणी तापवलं, सगुणाने दिलेलं खडेमीठ मुठीमुठीने टाकलं, बोट बुडवून जिभेला लावलं. पाणी जिभेला चावलं तेव्हा तिचं समाधान झालं. मग ती त्यात बसली, आणि तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला.

पहिले काही दिवस ती चरचर तिला आवडतही होती. औषध लागू पडतंय असं वाटायचं. कांडी वरच्या रेघेपर्यंत जात होती. मग खालच्या बाजूला टाके होते तिथली कातडी पांढरी पडून उकलली. उकललेल्या जागेवर लाल, ओलं मांस वर आलं, मोहरीच्या दाण्यांसारखं, हात लागला की रक्त. पाणी जाऊ लागलं आणि त्याला वास येऊ लागला. मालूने मीठ वाढवलं.

तिने बाजारातल्या फोनच्या बूथवरून मुंबईला फोन लावला. काचेच्या दाराबाहेर दोन माणसं खोळंबून उभी, त्यातला एक कारखान्याला काथ्या पुरवणारा. मालू त्या दाराकडे पाठ करून हळू बोलत राहिली. तिकडच्या नर्सने सांगितलं की सर परदेशी गेलेत, पुढच्या महिन्यात येतील. जखम आहे, बरी व्हायला वेळ लागणारच. मिठाच्या पाण्यात बसताय ना? मालू म्हणाली, बसते. मग बसत राहा, नर्स म्हणाली.

आता कांडी घालणं म्हणजे उघड्या जखमेवर दगड घासणं झालं. एका संध्याकाळी मालूने ती घातली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. त्यानंतर घातली तेव्हा वरची रेघ बाहेर राहिली. तिने जोर दिला तर डोळ्यांपुढे अंधारी आली. ती कांडी हातात धरून रेघेकडे बघत राहिली. चिखलाला घाई नसते.

तेव्हापासून तिचं बसणं सुटलं, झोप सुटली. काम करताना मन रेघेवर, रेघेकडे बघताना मन कामावर. एकदा तिने काढलेला डावा डोळा उजव्यापेक्षा तांदळाएवढा वर गेला. गिरजाबाईंनी काही न बोलता ओल्या फडक्याने तो पुसला आणि मूर्ती पुन्हा तिच्यापुढे ठेवली. त्यांचं न बोलणं मालूला जास्त लागलं.

रोह्याच्या पद्मजाबाई तिला आठवल्या. पद्मजाबाई बायकांच्या डॉक्टर. त्यांच्या घरचा गणपती वर्षानुवर्षं गिरजाबाईंकडून जायचा. मूर्ती निवडायला त्या स्वतः यायच्या, आणि एकदा मालूच्या खांद्यावरून वाकून बघत म्हणाल्या होत्या, डोळे हिनेच काढायचे हं. त्या ओळखतात म्हणून जावंसं वाटत होतं आणि ओळखतात म्हणूनच पाय निघत नव्हता. पुन्हा एक सकाळ आली आणि कांडी आणखी थोडी बाहेर राहिली, तेव्हा मालूने गिरजाबाईंना सांगितलं की रोह्याला जाऊन येते. सुरण लागू पडला नाही वाटतं, गिरजाबाई म्हणाल्या.

पेणहून रोह्याला जाणाऱ्या गाडीत बसायला जागा होती. मालू दाराशी उभी राहिली. कासू गेलं, नागोठणं गेलं. डब्यात धाटावच्या कंपन्यांत दुसऱ्या शिफ्टला निघालेली माणसं डबे मांडीवर ठेवून डुलक्या काढत होती. एकाने सरकून जागा केली आणि म्हणाला, बसा ताई. मालूने मान हलवली. किती महिन्यांनी कोणी अनोळखी माणसाने ताई म्हटलं होतं, आणि तिला बसता येत नव्हतं.

दवाखान्यात बाकावर पोटुशा बाया बसल्या होत्या. मालू तिथेही उभी. सिस्टरने नाव घेतलं आणि पाळी कधी आली विचारलं. येत नाही, मालू म्हणाली. दिवस गेलेत? नाही. मुलं किती? नाहीत. सिस्टरने पेन खाली ठेवलं.

"पाळी नाय, दिवस नाय, पोर नाय. मग इथं आल्यात कशाला?"

बाकावरच्या बाया हसल्या. मालूला वाटलं, आत्ता वळावं आणि कुंडलिका नदीच्या पुलापर्यंत न थांबता चालत जावं. तेवढ्यात आतून पद्मजाबाईंचा आवाज आला. ती आमच्या गणपतीची आखणीवाली ना? पाठव तिला.

आत गेल्यावर मालूने दार लावलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. जन्मापासून नव्हे, फाल्गुनापासून. पद्मजाबाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग त्यांनी हात धुतले, तिला टेबलावर घेतलं, दिवा ओढला. त्या बराच वेळ बघत होत्या. मालू छतावरच्या पंख्याकडे बघत होती आणि पंखा तिला फारच सावकाश फिरतोय असं वाटत होतं.

"हे बघ मालू," त्या शेवटी म्हणाल्या, "असं ऑपरेशन झालेलं मी पहिल्यांदा पाहतेय. तुला खोटं कशाला सांगू? पण टाके उकललेले मी रोज पाहते. वाट मिटलेली नाही. आवळलीय."

मालूने विचारलं, उघडेल का?

सगळी उघडेल की नाही ते आत्ता सांगता येणार नाही, त्या म्हणाल्या. पण कातडीचा हा रंग त्यांना कोड्यात टाकत होता. जखम चिघळते तेव्हा अशी दिसत नाही. ही भाजल्यासारखी होती. घरी काय काय लावतेस, त्यांनी विचारलं. मालूने सांगितलं, काही नाही, फक्त मिठाचं पाणी.

"किती मीठ?"

"लागतं तेवढंच," मालू म्हणाली. त्यात थोडा अभिमानही होता.

पद्मजाबाईंनी सिस्टरला पातेलंभर पाणी आणि मिठाची बरणी आणायला सांगितली. मालूने टेबलाशी उभं राहून रोजच्यासारखं पाणी केलं. एक मूठ, दोन मुठी, मग अंदाजाने आणखी. सिस्टर बघतच राहिली. पद्मजाबाईंनी करंगळीचं टोक बुडवून जिभेला लावलं आणि त्या तशाच बेसिनकडे धावल्या. चूळ भरून परत आल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"अगं, सुरमई खारवतात त्यालासुद्धा इतकं मीठ नाही लागत. तू स्वतःला सुकत घातलंस."

सिस्टर तोंडाला पदर लावून हसली. मग तिने मालूच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि बरणी उचलून बाहेर गेली. मालू पातेल्याकडे बघत होती. एवढे दिवस दात आवळून जे सोसलं ते औषध नव्हतं. वाट चिखलाने बुजली नव्हती, तिनेच बुजवली होती, आईच्या हातच्या मिठाने.

पद्मजाबाईंनी तिला विचार करायला फार वेळ दिला नाही. टोकाला औषध असलेली बारीक काडी त्यांनी त्या फाजील मांसाला टेकवली. ते पांढरं पडलं. मालू ओरडली नाही. असं आठवड्याला एकदा करावं लागेल, म्हणाल्या. गोळ्या दिल्या, मलम दिलं. मुंबईत त्यांच्याबरोबर शिकलेला एक प्लास्टिक सर्जन होता, त्याला तिथल्या तिथे फोन लावून एकेक गोष्ट विचारून घेतली. ऑपरेशन करणाऱ्या सर्जनची जाड कांडी सध्या नको. त्यांनी आपल्या कपाटातून धातूची एक बारीक कांडी काढली, उकळून फडक्यात गुंडाळून दिली. आधी ही, भरपूर मलम लावून, जोर न करता, पण चुकवायची एकदाही नाही. मग हळूहळू जाड.

"आणि मिठाचं पाणी?" मालूने चाचरत विचारलं.

"ते हवंच. पण डोळ्यातल्या पाण्याइतकं खारट. त्याच्यापुढे एक चिमूट नाही." मग त्यांनी विचारलं, घरी कोण आहे? पाणी तापवायला, जखम बघायला कोणीतरी लागेल, ती जागा तुझी तुला दिसत नाही. मालू म्हणाली, कोणी नाही.

बाजाराचा दिवस आला. सगुणा नेहमीच्या जागी, पिंपळाच्या बाजूला पाटी घेऊन बसली होती. ऊन चढेपर्यंत तिचं मीठ संपलं. तिने फडकं बांधलं आणि मालूपुढे धरलं.

"नको," मालू म्हणाली.

सगुणाचा हात तसाच राहिला. खारेपाटात कोणी मीठ परत करत नाही. भांडलेली माणसंसुद्धा करत नाहीत.

"का? कोणाच्या घरचा मीठ गोड लागाया लागला?"

मालू तिच्यासमोर उकिडवी बसायला गेली आणि दुखून पुन्हा उभी राहिली. मग पाटीच्या कडेला धरून, वाकून, बाजाराच्या गलक्यात तिने आईला सांगितलं. ऑपरेशन कसलं ते सांगितलं. तिने दिलेल्या मिठाचं काय केलं ते सांगितलं. पाणी कसं केलं तेही. बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत आईला सलग इतकं आपण काही सांगितलंच नव्हतं. एक गिऱ्हाईक मध्येच येऊन सुके बोंबील विचारून गेलं. सगुणाने त्याला उत्तर दिलं नाही. तिची बोटं फडक्याची गाठ सोडत होती, पुन्हा बांधत होती.

"पिकल्या पाण्यात बसलीस," ती शेवटी म्हणाली.

"व्हय."

"कोवल्या जखमंवर?"

"व्हय."

"टाच हाय का ती? एवढी मोठी झालीस नि अक्कल नाय गो तुना."

आणि मिठाचं फडकं पाटीत टाकून ती एस्टीकडे निघून गेली. मालू तिथेच उभी. आईच्या तोंडून काय निघालं ते आईच्याही ध्यानात आलं नसावं.

वैशाखात मिठागरातलं माणूस मिठागर सोडत नाही. वर्षभराचं पीक तेव्हा वाफ्यात पांढरं झालेलं असतं, आणि आभाळाचा भरवसा नसतो. लग्नकार्यालाही घरटी एकच माणूस जातं. त्या दिवसांत दुसऱ्या सकाळी सगुणा डोक्यावर वळकटी घेऊन कारखान्याच्या दारात उभी राहिली. तिने गिरजाबाईंना विचारलं, मालूची खोली कंची? गिरजाबाईंनी कारखान्याच्या मागे बोट दाखवलं. तुम्ही कोण, हे त्यांनी विचारलं नाही. मायलेकींचं नाक एकच होतं.

सगुणाने आयुष्यात पुष्कळ बाळंतपणं काढली होती. तिने विचारपूस केली नाही, पदर खोचला आणि परात घासली. पाणी तापवलं, कोपर बुडवून पाहिलं, मीठ टाकलं, जिभेला लावलं. मालू म्हणाली, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय डोळ्यातल्या पाण्याइतकं. सगुणा म्हणाली, "तो अंदाज मना हाय," आणि तांब्याभर साधं पाणी आणखी ओतलं.

मालू त्या पाण्यात बसली. चरचरलं नाही. तिला क्षणभर संशयच आला.

जखम सगुणा बघायची, दिव्याच्या उजेडात, मासा ताजा आहे की नाही बघावा तशी, बिनघोर. आज लाल हाय. आज कडा धरतेय. आज जरा वास हाय, गोळी घेतलीस का? पहिल्या दिवशी मालूला लाजेने मेल्यासारखं झालं. नंतर त्या बघण्याची तिला सवय झाली, आणि मग ती आईच्या चेहऱ्यावरून आपली तब्येत वाचू लागली.

खरा झगडा कांडीचा. ती आत असताना मालूला एकेक क्षण डोंगराएवढा व्हायचा. जरा वेळ झाला की हात काढायला जायचा. खोलीत घड्याळ नव्हतं. सगुणा पडद्याच्या अलीकडे तांदूळ निवडायला बसायची आणि गावातली गोष्ट सांगायला लागायची. कोणाच्या खाजणातले खेकडे कोणी चोरले, कोणाची सून माहेरी का गेली, मिठागराच्या मुकादमाची छत्री वाऱ्याने खाडीत कशी गेली आणि तो तिच्या मागे कमरभर चिखलात कसा गेला. गोष्ट संपेपर्यंत कांडी काढायची नाही, असा तिने नेमच केला.

"झाली का?" मालू पडद्याआडून विचारायची.

"छत्री अजून पाण्यातच हाय."

मुकादमाची छत्री रोज लांब लांब वाहत गेली. एक दिवस तर ती धरमतरपर्यंत पोचली. मालू दुखण्यातही हसायची, आणि हसली की आणखी दुखायचं. मग ती आईला शिव्या घालायची आणि आई निवांत तांदळातले खडे वेचायची.

शिवाचा निरोप आला, की मीठ ओढायला माणूस नाही, आभाळ भरून येतंय, घरी ये. निरोप आणणाऱ्याला सगुणाने चहा पाजला आणि सांगितलं, शिवाला म्हणावं, माझी बाळंतीण हाय घरात. निरोप्या गोंधळून गेला. मालू पडद्याआड कांडीची रेघ चाचपत पडली होती. तिला रडू आलं नाही. जीव घाबरा झाला. आईचं वर्षाचं पीक वाफ्यात आहे, आपली वाट अजून अर्धी आवळलेली आहे, आणि दोन्ही एका आभाळाखाली.

आठवड्याला एकदा दोघी रोह्याला जायच्या. मालू दाराशी उभी, सगुणा तिच्या पायाशी फतकल मारून. पद्मजाबाई काडी टेकवायच्या, बघायच्या, थोडी जाड कांडी द्यायच्या. एका फेरीला लाल मांस उगवलेलं दिसलं नाही. पुढच्या फेरीला सर्जनची कांडी पुन्हा हातात आली. ती मधल्या रेघेच्या वर गेली, पण सगळ्यात वरच्या रेघेशी पोचली नाही. बोटाच्या नखाएवढी बाहेर राहिली. पुढच्या वेळीही तेवढीच.

मालूने विचारलं, एवढं कधी येईल? पद्मजाबाईंनी कांडी बाजूला ठेवली. तेवढं कदाचित येणार नाही, त्या म्हणाल्या. तिथली कातडी भाजून आखडली आहे. तुझे मुंबईचे सर परत आलेत, त्यांना मी तुला दाखवीन. पण आहे ते तुझं आहे, आणि ते राखायचं तुझ्याच हातात. वर्षभर रोज, पुढे आठवड्यातून काही वेळा, जन्मभर.

परतताना मालू दाराशी उभी राहून बाहेर बघत होती. कासूहून पेणकडे धावणाऱ्या त्या सपाट पट्ट्यात ओहोटी लागलेली दिसत होती. सगुणा तिकडे बघत म्हणाली, "तुजा बापूस आता निघाला असता."

सगुणा गेली तेव्हा वाफ्यातलं निम्मंअधिक मीठ पहिल्या वळवाने विरघळलं होतं. तिने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. जाताना फडक्यात मीठ बांधून ठेवलं नाही, चिमूटभर वाटीत काढून ठेवलं.

आषाढात कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. गिरजाबाईंनी कुठूनशी स्कूटरची जुनी ट्यूब आणली, हवा भरली, फडकं गुंडाळलं आणि मालूच्या पाटावर ठेवली. मूळव्याधीला फार चांगली असते म्हणे, त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. मालू त्या कड्यावर हळूच टेकली. एक गुडघा वर घेतला. मनगट गुडघ्यावर टेकलं.

तिने रोह्याच्या गणपतीचा उजवा डोळा काढला. श्वास सोडला. मग तिचं चित्त पाटावर राहीना. सकाळची कांडीची वेळ कामात निघून गेली होती आणि आता आत कुठेतरी गाळ बसतोय असं तिला वाटू लागलं. कुंचला डाव्या डोळ्याशी नेला, मागे घेतला. पुन्हा नेला.

गिरजाबाई पलीकडे मुकुटाला सोनेरी लावत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "जा, उरकून ये. देव एका डोळ्याने वाट बघेल."

मालूने कुंचला पाण्यात ठेवला आणि मागच्या खोलीकडे गेली. दार लावल्यावर आतून पुटपुटल्यासारखा तिचा आवाज येत राहिला. मुकादमाची छत्री कुठवर पोचली ते ती स्वतःलाच सांगत होती.